गिअर बदलायची लाइट

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७ वाजून १० मिनिटं.

रुद्रप्पांच्या गाडीत उताणा, डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर, तोंडात बॅटरी. लाइट लागत नाही.

सुपारीएवढ्या डबीतली लाल लाइट आहे. इंजिनाचे फेरे ठरावीक आकड्यावर गेले की पेटते — म्हणजे गिअर बदल. शर्यतीच्या गाड्यांत लावतात म्हणे. ही गाडी रुद्रप्पांच्या आईला पाटोद्याहून बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते!

रुद्रप्पांना सांगितलं, पेट्रोल वाचतं. खरं फक्त इथं लिहितो. त्यांचा ड्रायव्हर माझा सख्खा भाऊ, लखनदादा. त्याला इंजिन ऐकू येत नाही. पहिल्या गिअरमध्येच गाडी बोंबलत नेतो. मागच्या महिन्यात रुद्रप्पा चारचौघांत म्हणाले, "लखन, ही गाडी हाय का पिठाची गिरणी? आसंच चाललं तर दुसरा मानूस बघावा लागंल." सगळे हसले म्हणून दादाही हसला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लाल वायर — १२.४ व्होल्ट. काळी — अर्थ येते, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली. हिरवी प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलवर जोडलेली, तिच्यातून इंजिनाचे फेरे मोजले जातात. तिन्ही तीनदा तपासल्या. सोल्डर पक्कं. मग का नाही?

दादाला खूण केली, रेस दे. अजून. अजून! इंजिन किंचाळायला लागलं तेव्हा कुठं एकदा चमकली. माझ्या टपरीशेजारचा पंक्चरवाला पंडित ओरडला, "आरं, इमान उडवता का बे?"

दादा मला म्हणाला, "काय म्हनला त्यो?" मी डबीकडं बघतच सांगितलं. "बोलताना माज्याकडं बघत जा की. तोंड कावून फिरवतो?"

तोंड बघून ओळखतो तो. मी विसरतो, आणि विसरलो की तो चिडतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सापडलं! डबीच्या मागं सिलिंडरचं बटण आहे. गाडी चार सिलिंडरची, म्हणून मी चारवर ठेवलं होतं. पण या गाडीत एक कॉइल दोनच प्लग पेटवते, आणि हिरवी वायर एकाच कॉइलवर. डबी निम्मेच फेरे मोजत होती. मी लावले अडीच हजार, ती पेटायची पाच हजारांवर. बटण दोनवर केलं. अडीच हजाराला बरोब्बर!

आनंद झाला नाही. दोन दिवस घातले एवढ्यासाठी. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवत असतील. मी पहिल्याच वर्षी नापास होऊन सोडलं. त्या वर्षाच्या फीचं कर्ज दादानं डीजेची गाडी चालवून फेडलं. लग्नाचे चार हंगाम, पाठीमागं हातभर अंतरावर स्पीकरची भिंत. कान तिथंच गेले. तो कधी बोलून दाखवत नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नवीन दुखणं. इग्निशन चालू, इंजिन बंद — तरी लाइट लुकलुकते! अर्धा तास बघत बसलो. मग दिसलं, डॅशबोर्डवरच्या महादेवाच्या फ्रेमभोवती चायना लाइटची माळ आहे, तिच्या तालावर लुकलुकते. माळेची अर्थ आणि माझी अर्थ एकाच बोल्टवर, आणि त्या बोल्टखाली ऑइलपेंट, म्हणून अर्थ कच्ची. मीच तिथं जोडली होती.

माळ काढायला हात घातला तर रुद्रप्पांची आई, शांताआजी, ओट्यावरून, "हात न्हाई लावायचा! दर सोमवारी फूल वाहते मी त्याला."

"आजी, त्यानं लाइट खोटी लागते."

"देव खोटा आन् तुजी डबी खरी व्हय रे? वायरमन झाला लई मोठा!"

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माळ राहू दिली. पत्रा कानशीनं चकाकेपर्यंत घासला, नवा बोल्ट, डबीची अर्थ स्वतंत्र. लुकलुक बंद.

दोन्ही बाजूंना मोठे गोल आरसे पण बसवले, मागचं सगळं दिसावं म्हणून. संध्याकाळपर्यंत दादानं ते काढून माझ्या टपरीत आणून टाकले. "एवढाले आरसे बघून लोक इचारत्याल. उद्या बोर्ड पन लाव — बहिरा चालवतोय म्हनून."

मी म्हणालो, रुद्रप्पांना सांगून टाकू. कानाचं मशीन घेऊ.

"तू गप. तुला कुनी इचारलं?"

शनिवार, ८ नोव्हेंबर

रोहिणीवहिनी म्हणाली, "भावजी, दोन दिस झाले, ह्ये घरात खेकसले न्हाईत." तेवढंच.

सोमवार, १० नोव्हेंबर



आजींना घेऊन बीडला गेलो. लाइट तपासायला म्हणून मी पुढं बसलो होतो. येताना मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो. लाइट पेटली की दादा गिअर बदलायचा, झटक्यात, मऊ. मला कोपर मारून म्हणाला, "बघ! लोण्यावानी चालली." मोठ्यानं बोलतो तो, त्याला कळत नाही. इतका खूश त्याला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मागून सायरन आला. अ‍ॅम्ब्युलन्स. नगरकडं नेत असतील कुणाला.

दादाची नजर लाइटवर. गाडी रस्त्याच्या मधोमध.

मी त्याला हात लावायला हवा होता. नाही लावला. मागं आजी होत्या. मला वाटलं, आता आरशात बघेल, आता बघेल, आपण बोललो तर आजींना कळेल. एक पूर्ण वळण मी गप्प बसलो. दुसरं वळण अर्धं झालं तेव्हा आजी म्हणाल्या, "लखन, बाजूला घे की रं!" तो लाइटच बघतोय. आजींनी पुन्हा हाक मारली, मग माझ्याकडं बघितलं. तेव्हा मी दादाचा खांदा धरून हलवला.

अ‍ॅम्ब्युलन्सवाला बरोबरीनं जाताना खिडकीतून ओरडला, "आरं, बहिरा हायस का बे!" मागच्या काचेतून एक बाई दिसली, कुणाच्या तरी अंगावर वाकलेली. एवढंच दिसलं.

दादानं विचारलं, "काय म्हनला?"

मी म्हणालो, काही नाही.

पाटोद्यात उतरताना आजींनी पुन्हा माझ्याकडंच बघितलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तो माणूस पोचला का, कुणाला विचारू? कोणतं गाव, कोणतं नाव, काही माहीत नाही. वळणं मात्र मोजलेली आहेत. दीड.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी रुद्रप्पांना मीच सांगितलं. सगळं, लाइट कशासाठी ते पण. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आधी सांगितलं आसतं तर आरसे म्या लावून दिले आसते, मशीनला पन पैशे दिले आसते. माज्या आईला बसवून लपवलं, म्हनून लखनला कामावर न्हाई ठेवत."

दादाच्या घरी दोनदा गेलो. दुपारी चार वाजता वहिनी दार न उघडता म्हणाली, "ते झोपलेत."

लाइट — १,४५०
वायर, सोल्डर, फ्यूज — १८०
अर्थचा बोल्ट — २०
आरसे — ३४०
एकूण खर्च १,९९०. रुद्रप्पा देत होते, घेतले नाहीत.
येणं — काही नाही.
देणं — दादाचा बारा दिवसांचा पगार, ४,८००. रुद्रप्पांनी माझ्याकडं दिलाय, त्याला पोचवायला.