जास्वंदीची लेव्हल

२ मे, सकाळ
उज्वला घोटीला राखीकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे गेली. चार दिवस हवापालट. भांडण वगैरे काही नाही. कुकरला तीन शिट्ट्या की चार, एवढाच विषय. मी दिवसभर स्वयंपाकघरात बसून सूचना देतो याचा तिला त्रास होतो म्हणे. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर गेली. लक्ष ठेवायची सवय रिटायर होत नाही.

जाताना म्हणाली, झाडांना हात लावू नका, कलाबाई घालेल पाणी. कलाबाई धुणीभांडी उत्तम करते. पाणी मात्र जबाबदारीची गोष्ट. तिला मनाई केली.

३ मे, रात्र
दुपारी गॅलरीतल्या जास्वंदीने मान टाकली! घाबरलो नाही. दोन बादल्या ओतल्या. संध्याकाळी ताठ. यात अवघड काय आहे? उज्वला येईल तेव्हा गॅलरी अशी हिरवीगार असेल की कुकरचा विषयच निघणार नाही. मग तिला जायचं कारण उरत नाही.

५ मे
बागेला शिफ्ट लावल्या. फर्स्ट, सेकंड, नाइट. तिन्हींत मीच. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल मी कधी पडू दिली नाही, तिथे कुंडीची काय कथा.

खालचे मुझफ्फरभाई वर आले. जहिदाभाभींच्या वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी भिजल्या. म्हणाले, साहेब, झाडं पाळलीत का म्हशी? लोकांना मेंटेनन्स कळत नाही.

९ मे
चार दिवसांचे आठ होतातच. उन्हाळा आहे. फोन नाही, म्हणजे मजेत आहे.
जास्वंद आता सकाळीसुद्धा मान टाकून. पानं पिवळी. माती चिखल, तरी झाड तहानलेलं. शिफ्टला एक बादली वाढवली.

१२ मे
वैष्णवीचा फोन. लेक पुण्याला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे बापालाही शिकवते. म्हणे, भर उन्हात पानातून पाणी उडतं, तेवढं मुळांना पुरवता येत नाही, म्हणून झाड मान टाकतं. ऊन उतरलं की आपोआप सावरतं. त्या दिवशी ते तुमच्या बादल्यांनी उठलं नव्हतं, पप्पा. मुळांना हवाही लागते. चिखलात ती गुदमरून कुजतात, मग पाण्यात उभं राहूनही झाड तहानलेलंच. शिवाय झाडात पंप नसतो. पान वरून ओढतं, तसं पाणी चढतं.

ओढतं म्हणे! मी जन्मभर पाणी ढकलून चढवलं.

मी तिच्या आईचं विचारलं. म्हणाली, बरी आहे, आता दुपारची झोपते. मी बरं म्हटलं. इथे कधी झोपायची नाही.

१३ मे
निश्चय. पाणी बंद.
दुपारी बघवेना. एकच बादली. ती धरायची नाही.

१७ मे
मोगरा गेला. शेवंती गेली. कलाबाईने कुंड्या कोपऱ्यात नेल्या. मला काही वाटलं नाही. जेवायला बसलो, पण जेवलो की नाही ते आठवत नाही. मोगरा जुनाच होता.

२१ मे
उज्वला आली! म्हटलं होतं ना.
गॅलरी बघून ओरडेल वाटलं. ओरडली नाही. जास्वंद कुंडीतून उपटली. मुळं काळी, वास मारणारी. कुजकी कापली. फांद्याही निम्म्या छाटल्या. उरलेल्या मुळांना झेपेल एवढीच पानं ठेवायची, म्हणाली. कोरडी माती घालून सावलीत ठेवली. मी म्हटलं, वरून थोडं पाणी? म्हणाली, तुम्ही बसा.

मग कपाट उघडून साड्या काढल्या. स्वेटरही. मे महिन्यात स्वेटर! पुढचा विचार करायची सवय तिला माझ्याकडूनच लागली.

२२ मे
स्टँडवर सोडायला गेलो. कुंडी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. म्हणाली, जगेल, पण इथे नाही. मी म्हटलं, मग सावरली की घेऊन ये. तिने कुंडी नीट धरली. अहो, वेळेवर जेवत जा, म्हणाली. बस गेली.

घरी येऊन गॅलरी धुतली. पाणी खाली गेलं असणार. कुणी वर आलं नाही.

उज्वला परत येणार नाही. लिहून पाहिलं. खोडायला पेन टेकवलं, मग तसंच ठेवलं.