बंदुकीवरचं गोंदण

एटापल्ली,
१९ ऑक्टोबर २०२४

बायनाबाईंना देवरावचा सेवा जोहार.

पत्र तुमची नात रंजीता वाचून दाखवेल. रंजीता, सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

तुमच्याकडचं भारी धान निसवलं असेल. इकडे वाचनालयाचं छप्पर नवं झालं. पंधरा ऑगस्टच्या माझ्या भाषणाचा विषय लोक अजून काढतात. दीड तास बोललो. 'जुनं आहे तसंच जपा!' असं टेबलावर हात आपटून सांगितलं. मागे काचेच्या पेटीत तुमच्या वडिलांची, पत्रू शिपायांची रायफल चकाकत होती.

त्या चकाकण्याबद्दलच लिहायचं आहे.

बासष्टच्या लढाईत, बर्फात, तुमच्या वडिलांनी तापल्या तारेने रायफलच्या लाकडी दस्त्यावर ठिपके डागले. तुमच्या आईच्या, सोमारीच्या हातावरचं गोंदण, जसंच्या तसं. सरकारी शस्त्र खराब केलं म्हणून सात दिवस कैद भोगली. पुढे पलटणीने नळी बुजवून ती रायफल आपल्या वाचनालयाला दिली. आईचा फोटो नाही, म्हणून दर वर्षी नवं भात तोंडात घालण्याआधी तुम्ही तिथे चार दाणे ठेवता, ठिपक्यांवर बोटं फिरवता. हे सगळं मी भाषणात सांगितलं. लोक रडले.

ठिपके तेव्हा उरले नव्हते.

गेल्या महिन्यात तुम्ही लवकर येणाऱ्या हलक्या धानाचे दाणे घेऊन आलात. मी पेटी उघडली, तुम्ही दस्त्यावर हात फिरवला.

"हे आमची नोहे जी. बदलवली का?"

"तीच आहे, बाई. साफ केली फक्त."

"मंग माय कुठी गेली?"

मी खोटं बोललो. इतवारी सुताराने घासली, म्हणालो. तुम्ही दाणे पदरात परत बांधले आणि त्याच्या दारात जाऊन त्याला नको नको ते बोललात. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी रस्त्यावर उभा होतो.

बाई, इतवारीने तिला हातही लावला नाही. मी पॉलिशला नेली तेव्हा म्हणाला, "सर, पयले बायनाबाईले विचारा. मी नाई करत." मी म्हणालो, "रंधा मारणाऱ्याने मला इतिहास शिकवू नये." त्याच्याकडचाच पॉलिश पेपर उचलून घरी आलो. पावसाळ्याने बुरशी धरली होती, एवढं खरं. पण ती कोरड्या फडक्याने निघाली असती. पंधरा ऑगस्टच्या पाहुण्यांसमोर रायफल मळकट दिसेल याची मला लाज वाटली. घासताना ठिपके दिसत होते. दुसऱ्या ओळीपाशी थांबता आलं असतं. लाकूड एकसारखं दिसावं म्हणून पुढे घासत गेलो.

फौजेने त्यांना शिक्षा केली, पण खूण राहू दिली. मी त्यांच्या फोटोला हार घातला आणि खूण पुसली.

एकजण म्हणाला, नवे ठिपके डागून घ्या, कोणाला कळतं! तुम्हाला कळेल. तेवढं तरी मी करणार नाही.

पेटीवर 'मूळ स्थितीत जतन' ही पाटी माझ्याच अक्षरात होती. ती काढली. नवी लिहिली: 'दस्त्यावरची खूण देवराव याने घासून काढली.' येत्या बाजाराच्या दिवशी भोंग्यावरही हेच सांगेन. काल इतवारीकडे गेलो होतो. तो म्हणाला, "मले काय सांगता सर? तिले सांगा."

म्हणून सांगितलं. माझ्याशी नाही बोललात तरी चालेल. इतवारीशी मात्र बोला.

तुमच्या आईला पुसणारा,
देवराव