आईचा डावा डोळा आणि मुरबाडची पाटी

७ जानेवारी, मंगळवार
आईला घेऊन कल्याण. डाव्या डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबली त्याला हे चौथं वर्ष. डोळ्यात इंजेक्शन दिलं की सूज ओसरते, काही महिन्यांनी परत येते. आज डॉक्टरांना पुढचं विचारलं. ते म्हणाले, काही वर्षांनी बऱ्याच जणांची इंजेक्शनं सुटतात, बऱ्याच जणांची सुटत नाहीत. कोण कुठल्या गटात, ते तपासत राहिल्याशिवाय कळत नाही.
आई पहिल्या गटात आहे. मला चेहऱ्यावरून कळतं.
आई आत असताना मी बाकड्यावर थोडा आडवा झालो. नर्सने पाय वर धरले. कारण: रिकामं पोट. (वडापाव खाल्ला होता, पण तो पोटाला धरत नाही.) आई पट्टी बांधून बाहेर आली आणि आधी माझं तोंड पुसलं.

८ जानेवारी
संकल्प: यापुढे तपासणी गावातच. पद्धत शास्त्रशुद्ध. किन्हवली स्टँडवर आईचा उजवा डोळा रुमालाने झाकायचा आणि येणाऱ्या एसटीची पाटी डाव्याने वाचून घ्यायची.

११ फेब्रुवारी
पहिली गाडी. आई म्हणाली, मुरबाड. बरोबर! दुसरी, शहापूर. बरोबर! शेजारी बसलेली सुकटवाली ठकीमावशी म्हणाली, काय रे ऋतिक, आईला कंडाक्टर बनवतोस काय? अर्ज भरलास का नाय? लक्ष दिलं नाही.
उद्या कल्याणची तारीख होती. गरज नाही.

१८ मार्च
पुन्हा दोन्ही बरोबर. दवाखान्यातून फोन आला. बाहेरगावी आहोत म्हणून सांगितलं. (कल्याणहून बघितलं तर किन्हवली बाहेरगावच आहे.) बहीण रेश्मा फोनवर ओरडली, तू डॉक्टर हायस का? बारावी तरी झालास का? बारावी सुटली, निरीक्षण सुटलेलं नाही.

२ एप्रिल
आईने चहा कपाच्या बाजूला ओतला. कप नवीन आहे.

९ एप्रिल
आईच्या उजव्या डोळ्यात कचरा गेला. तो चोळताना म्हणाली, दाराची चौकट मधेच वाकली गो बाय. महिपत सुताराला बोलावलं. तो म्हणाला, चौकट सरळ आहे. दुसरा सुतार बघावा लागेल.

२२ एप्रिल, सकाळ
गडबड. गाडी आली, ठकीमावशी उठली, आई म्हणाली, मुरबाड. पाटी शहापूरची. डेपोची चूक असणार. कंडक्टरला विचारलं, पाटी बदलायची राहिली का? तो म्हणाला, नाय राहिली, तुला चढायचंय का?
ठकीमावशी पायरीवरून म्हणाली, भाचीच्या हळदीला शहापूरला चालले गो हौसा, तुला सांगायचं राहिलंच.
हे आईला सांगायचं का होतं?

२२ एप्रिल, दुपार
कळलं. ठकीमावशी रोज टोपली घेऊन मुरबाडच्या बाजारात जाते. ती उठली की मुरबाड, बसून राहिली की शहापूर. आई पाटी वाचतच नव्हती. डाव्या डोळ्याला गाडी म्हणजे नुसता लाल डाग.
असं का केलंस म्हणून विचारलं. आई म्हणाली, तू पडतोस रे तिथं. मला सुईचं काय नाय. पण एक डोळा बांधून मी तुला कशी उचलू?
मी उठलो. हात धुतले.

२३ एप्रिल
कल्याण. सूज परत आली आहे, आधीपेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं परत चालू करू, पण गेलेली नजर सगळी परत येईल असं सांगत नाही. उशीर का केलात? आईने पटकन सांगितलं, घरात लग्न होतं.
संकल्प: आईला आत नेतील तेव्हा दारात उभं राहायचं. पडायचं नाही. भाकरी पोटभर खाऊन निघालो होतो.

संध्याकाळी
दारापर्यंत उभा होतो. डोळे उघडले तेव्हा आईच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि माझे पाय तिच्या मांडीवर.
पोट रिकामं नव्हतं.