सुधारित मॉडेल येईपर्यंत

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं पाठवते आहे, उरलेली दोन प्रत्यक्ष भेटीत. तुझी तब्येत उत्तम असणारच. फोनवर तू दर वेळी तसंच सांगतोस, आणि स्वतःच्या तब्येतीबद्दल तुझ्याइतका आशावादी माणूस माझ्या पाहण्यात नाही. डोळ्यांचं विचारत नाही, कारण तो विषय तू पुढच्या वर्षावर ढकलला आहेस हे माझ्या लक्षात आहे. पत्र वहिनीच वाचून दाखवतील, म्हणून अक्षर नीट काढलं आहे. त्यांना खोकला झाल्याचं कळलं. वाचताना मधेच थांबून खोकल्या तर तू लक्ष देऊ नकोस.

(वहिनी, कंसातला मजकूर तुमच्यासाठी आहे. मोठ्याने वाचायचा नाही. कंस आला की खोकायचं आणि मनातल्या मनात वाचायचं. कंस लांबलचक दिसला तर पाणी प्यायला उठा.)

पत्राचं कारण म्हणजे अर्थातच गाडी. आपल्या घरात दादाला विचारल्याशिवाय कोणी छत्रीसुद्धा घेत नाही, मग गाडीची काय कथा. चौदा महिन्यांपूर्वी मी, म्हणजे वय वर्षं एकोणसाठ, उंची चार फूट अकरा इंच आणि धंदा लोकांच्या कवळ्या बनवण्याचा, अशा बाईने दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार घ्यायची म्हटल्यावर ज्याला त्याला हसू फुटलं. हसला नाहीस तो तू एकटा. तू शांतपणे म्हणालास, ‘घे की. पण आत्ता नको, सुधारित मॉडेल येतंय.’ मी थांबले. पाच महिन्यांनी सुधारित मॉडेल आलं. मागचे दिवे गोल होते ते लांबट झाले होते आणि पेले ठेवायच्या खाचा दोनाच्या तीन झाल्या होत्या. माणसं दोन आणि पेले तीन, हे गणित माझ्या डोक्यात शिरलं नाही, पण जन्मभर नकाशे काढलेल्या माणसापुढे मी काय बोलणार. तू म्हणालास, ही नुसती वरवरची रंगरंगोटी, खरी सुधारणा पुढच्या खेपेला. मी पुन्हा थांबले.

(वहिनी, तुमचं वॉशिंग मशीन आठवतं का? बिनआवाजाचं निघणार आहे म्हणून नऊ वर्षं हाताने धुतलंत. शेवटी आलं ते शेजाऱ्यांच्या मशीनपेक्षा जास्त खडखडतं.)

तुझा सल्ला मी आजवर मोडलेला नाही, हे तू कबूल करशील. कॅमेऱ्याच्या वेळी तू थांब म्हणालास, मी थांबले. त्यामुळे आईचा माझ्याकडे एकही धड फोटो नाही, पण तिच्या मागे मी जो कॅमेरा घेतला तो खरोखरच फार सुधारित होता. तू सांगितलं होतंस त्याप्रमाणे त्यात अंधारातसुद्धा स्वच्छ दिसतं. गाडीच्या बाबतीतही मी तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही. फोनवर तू घातलेले सतरा प्रश्न मी कागदावर उतरवून घेतले आणि गेल्या आठवड्यात पुन्हा शोरूमला गेले. पुढे जे झालं ते त्या सतरा प्रश्नांमुळे झालं, एवढंच फक्त नोंदवून ठेवते.

तिथला विक्रेता तुला माहीत आहे. तोच तो टायवाला, जो मला ‘आजी’ म्हणायला तोंड उघडतो आणि ऐन वेळी ‘मॅडम’ म्हणतो. दर्शनी काचेशी जुनं मॉडेल तीन रंगांत उभं होतं, गोल दिव्यांचं आणि दोन खाचांचं. मला हव्या त्या रंगाच्या गाडीत मी बसले. बसणं सोपं होतं, कारण ती गाडी इतकी बुटकी आहे की आपण बसत नाही, पडतो. पण माझी पाठ सीटला नीट टेकते की मधे पोकळी राहते ते कळेना. आता तू मला ओळखतोस. पस्तीस वर्षं मी माप घेतल्याशिवाय कुणाच्या तोंडात दात बसवू दिलेले नाहीत. ‘बसेल बहुतेक’ असं म्हणणाऱ्या डॉक्टरांची कामं मी परत पाठवते. माझ्या पिशवीत कवळीच्या मेणाच्या गुलाबी पट्ट्या होत्याच. शोरूममधल्या कॉफीच्या मशीनमधून गरम पाणी घेतलं, आठ पट्ट्या मऊ केल्या, सीटवर आणि पाठीला रीतसर पसरल्या आणि दोन मिनिटं न हलता टेकून बसले. दादा, काय सुरेख ठसा उठला म्हणून सांगू. तिसऱ्या मणक्याशी जरा फट होती, बाकी सीट जणू माझ्यासाठीच बेतलेली. मेण गार होऊन घट्ट झालं की अलगद सोडवून घ्यायचं, एवढंच काम उरलं होतं.

तेवढ्यात टायवाला आला आणि म्हणाला, ‘मॅडम, पुढच्या सुधारित मॉडेलची माहितीपत्रकं आलीत, बघता का?’ तुझी आज्ञा डोळ्यांसमोर होती. मी उठले (खरं म्हणजे त्याने मला दोन्ही हात धरून उपसून काढलं, पण हे दादाला सांगू नका), टेबलापाशी गेले आणि एकामागून एक सतरा प्रश्न विचारले. टायवाल्याने सतराही प्रश्नांना ‘ते आल्यावरच कळेल’ असं एकच उत्तर अतिशय अदबीने दिलं. यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात ऊन सरकत सरकत बरोबर काचेतून आत आलं आणि सीटवर पडलं. मेण उन्हात काय करतं हे मला पस्तीस वर्षं माहीत आहे. मी त्या वेळी पुढच्या वर्षीच्या छताबद्दल विचारत होते.

परत गेलो तेव्हा मेण जाग्यावर नव्हतं. चामड्याच्या शिवणीशिवणीत उतरलं होतं आणि खाली गालिच्यावर ठिबकत होतं. टायवाल्याने एका शिवणीला बोट लावून पाहिलं. मग त्याने विचारलं, ‘हे काय आहे?’ मी म्हटलं, हिरड्यांसाठी वापरतात. यावर तो खुर्ची शोधून बसला. मग मॅनेजर आला, त्याच्या मागून आणखी एक मॅनेजर आला आणि तिघांनी मिळून मला समजावलं की सीटचं कातडं आता बाहेरून मागवावं लागेल, तोवर ही गाडी दुसऱ्या कोणाला दाखवण्याच्या लायकीची राहिलेली नाही, तेव्हा बाईंनी काय ते ठरवावं. मी त्यांना स्वच्छ सांगितलं की माझ्या भावाचा विचार सुधारित मॉडेल येईपर्यंत थांबण्याचा आहे. धाकट्या मॅनेजरने तुझा फोन नंबर मागितला. मी दिला नाही, एवढं तरी माझ्या पदरात घाल.

तेव्हा आता तूच नीट विचार करून सांग, घ्यावी की थांबावं?

(वहिनी, गाडी परवापासून माझ्या दारात उभी आहे. इस्त्री आणि टीपकागद लावून मेण पुष्कळ काढलं. माझ्या सीटवर माझ्याच मापाची गुलाबट सावली राहिली आहे ती आता जन्माची. शेजारची सीट कोरी आहे. दर वर्षीची तपासणी म्हणून तुम्ही त्याच्या रक्ताचे जे कागद मिळवलेत ते डॉक्टरीणबाईंनी पाहिले, सगळं ठीक आहे. येत्या गुरुवारची वेळ पक्की झाली. पिशवी भरून ठेवा, पण पलंगाखाली नको, तिथे तो चपला चाचपत असतो. आता पाणी पिऊन या, आणि परत आल्यावर खोकू नका.)

तुझ्या सल्ल्याच्या प्रतीक्षेत, सदैव तुझी आज्ञाधारक,
धाकटी

ता. क. वहिनींचा खोकला बरा झाला आहे. इथून पुढे सगळं मोठ्याने. दादा, गाडी घेतली. जुनं मॉडेल, गोल दिवे, दोन खाचा. गुरुवारी सकाळी सात वाजता मी दारात येते आहे. तुझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे, डाव्याचा नंतर. पुढच्या वर्षी नवं भिंग येतंय हे मला पाठ आहे, तीन वर्षं ऐकते आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना तेही विचारलं. त्या म्हणाल्या, नवं भिंग दर वर्षी येतं, पण मोतीबिंदू वाट बघत बसत नाही, पिकत जातो, आणि फार पिकला की काढायला अवघड. गाडीत दोनच सीटा आहेत, त्यामुळे सबबी घरी ठेवून यावं लागेल. वहिनी टॅक्सीने मागून येतील.

दुसरा ता. क. हे लिहिणार नव्हते. मागच्या महिन्यात मी न कळवता आले होते. वहिनी बाजारात गेल्या होत्या. दार तू उघडलंस, माझ्याकडे नीट बघितलंस आणि अगदी सभ्यपणे म्हणालास, ‘आम्हाला काही घ्यायचं नाही हो बाई,’ आणि दार लावून घेतलंस. मी पुन्हा घंटी वाजवली नाही. जिन्यात बसून रडले आणि घरी परतले. तुला आत्ता पहिल्यांदा कळतंय हे. राग नाही. पण दादा, माझं सुधारित मॉडेल येणार नाही. जी आहे तीच आहे, आणि तू मला ओळखावंस असं मला फार वाटतं.

तिसरा आणि शेवटचा ता. क. तुझ्या भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर तू अशीच गाडी काढायचास. तू तेरा वर्षांचा, मी आठ. रेघा तुझ्या, रंग मी भरायची, आणि दर वेळी रेघेबाहेर गेला म्हणून तुझा मार खायची. या गाडीचाही रंग मीच निवडला आहे. वहिनींना खोदून विचारू नकोस, त्यांनाही सांगितलेला नाही, त्यांच्या पोटात काही राहत नाही. गुरुवारी जाताना तुला ती इतर सगळ्या जगासारखी चहाच्या रंगाचीच दिसेल. येताना डोळ्यावर पट्टी असेल. शुक्रवारी पट्टी काढायला मीच नेणार आहे. बाहेर आलास की गाडी फाटकाशी उभी असेल, तेव्हा बघ आणि रंग रेघेबाहेर गेला आहे का ते सांग.