अंगठा तिकडंच दे

मनोरजवळचा पाडा,
ता. ८ सप्टेंबर २०२५

चि. दीपास आईचे पोटभर आशीर्वाद. इकडं सगळी बरी हाईत, तूबी बरी अस.

तुझं पत्र नाय म्हणून मीच लिवते. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, हसू नको. तुझ्या खोलीतल्या भाग्यश्रीला तर दाखवूच नको. घरातला एकुलता फोन तू नाशकाला नेलास, कारण पैशांसाठी सरकारचा तो ओटीपी का काय नंबर त्याच्यावरच येतो. नेलास ते बरोबर हाय. पण आता नंबर तुला येतो न् मला तुझा आवाजबी येत नाय. लाडकीच्या फोनवरून बोलले असते, पण ती शेजारीण फोन देते न् कान आपल्यापाशीच ठेवून बसते. मग बोलायचं काय? भात कसा हाय, तेवढंच.

भात पोटरीत आलाय. तुझा बाप घिवलीला बोटीवर खलाशी म्हणून गेलाय. मांडवावर काकड्या लटकल्यात, मी एकटी किती खाऊ? कॉलेजात काय शिकवतात, खानावळीत काय वाढतात, सगळं लिव. नुसतं बरी आहे लिवलंस तर पत्र माघारी धाडीन. खोलीचे न् जेवणाचे सरकारी पैसे आले का? बाकी माया हाय तशी असू दे.

तुझी आई,
चिमी

---

नाशिक,
ता. १३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आईस दीपाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र भाग्यश्रीला दाखवलंच. ती म्हणाली, तुझी आई लिहितानासुद्धा ओरडते. मग तिनं ते पुन्हा मागून घेऊन वाचलं.

पैशांचं विचारलंस. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून सरकार खोलीचे आणि खानावळीचे पैसे खात्यात टाकतं, ते अजून माझ्या हातात नाहीत. फोनवर बघावं तर जमा झाले असं दिसतं. बँकेत जावं तर इथलं खातं रिकामं. हे पैसे देणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या मॅडम म्हणतात, आमच्याकडून कधीच गेले, बँकेला विचार. बँकवाले म्हणतात, ऑफिसला विचार. या दोघांच्या मध्ये माझ्या चपला झिजल्या.

खोलीवाल्या काकू दसऱ्यापर्यंत थांबायला तयार आहेत. तोवर काही झालं नाही तर मी सामान घेऊन कायमची घरी येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बोईसरच्या कंपनीत पॅकिंगला जात होते, तिथं पुन्हा जाईन. कैलास मुकादमाला निरोप दिलाय, तो घ्यायला तयार आहे. दुसरं वर्ष अर्धवट राहील, राहू दे.

तू चिडशील. पण संध्याकाळी डबा उघडला की तुझ्या हातची सुकट आठवते आणि पुढ्यातलं पुस्तक दिसेनासं होतं. बाबांना समुद्रावर जपून राहायला सांग. तुमचा दोघांचा जीव माझ्यावर आहे, तो असाच राहो.

तुझी,
दीपा

---

पाडा,
ता. १८ सप्टेंबर २०२५

चि. दीपास आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुला शिव्या दिल्या, मग सरकारला दिल्या. आपल्या पाड्यातली एक पोर कॉलेजात गेली, तिलाबी यांनी अर्ध्यातून माघारी काढली. राग आला, खरंच आला. पण तो संध्याकाळपर्यंत टिकला नाय.

ये बाई. बाज नव्यानं विणून घेतली. मनोरच्या बाजारात कोळणीला काकड्या दिल्या न् सुकट घेतली. ती म्हणाली, एवढी कुणाला? म्हटलं, माझी पोर येतेय. दुसऱ्या गिऱ्हाइकालाबी मीच सांगितलं. तुझ्या बापाला कळवलं नाय, तो उगाच डोक्याला हात लावून बसंल. भाग्यश्रीला एकदा घेऊन ये, बघते कशी ओरडते ती.

जीव लागलाय, लवकर ये.

तुझी आई,
चिमी

---

पाडा,
ता. २३ सप्टेंबर २०२५

चि. दीपास आशीर्वाद. मागचं पत्र मिळालं असंल तर फाड. येऊ नको.

झालं असं. तू येतेस हे सांगायला लाडकीकडं गेले, तर ती तिच्या गॅसच्या सरकारी पैशांवरून तोंड सोडून बसलेली. उन्हाळ्यापासून ते सापडत नव्हते. आता बोईसरच्या बँकेत सापडले. तीबी तुझ्यासंगं पॅकिंगला होती ना. तवा मुकादमानं पगारासाठी सगळ्यांचे अंगठे घेऊन नवी खाती काढली. काम सुटलं म्हंजे खातंबी सुटलं, असं आपण सगळ्यांनी धरलं. ते काय सुटत नाय. आधार शेवटी ज्या खात्याला लागलं, तिथंच सरकार पैसे टाकतं. तू नाशकाच्या खात्यात बघत बसलीस.

काल तुझं त्या खात्याचं घरात पडलेलं पासबुक घेऊन बोईसरला गेले. रांगेत एक कामगार पुढं घुसत होता, त्याला माझ्या हिंदीत बोलले, तर बिचारा दोन माणसं मागं गेला. खिडकीवरच्या बाईनं पुस्तक मशिनीत घातलं न् म्हणाली, ऑगस्टातच आलेत की हे. तुझे सगळे पैसे तिथं गप बसलेत.

मी तिला म्हटलं, म्हंजे पोरीला इथं यावं लागंल. ती म्हणाली, गरज नाही, नाशिकलाच अंगठा देऊन काढता येतील, आधारही तिकडच्या बँकेत जोडून मिळेल. मी म्हटलं, सहीला तरी? नाही म्हणाली. म्हटलं, एक दिस तरी? मागची माणसं कुरकुरायला लागली. तवा तिनं हातातलं काम ठेवलं न् माझ्याकडं बघितलं. "मावशी, पैशांसाठी तिला यायला नको. तुमच्यासाठी बोलवायचं असेल तर बोलवा."

मी बोलवत नाय. हजेरी कमी भरली तर पुढचे पैसे अडतात, हे तूच सांगितलेलं. अंगठा तिकडंच दे. काकूंचं भागव न् वर्गात जाऊन बस. कैलासला कंपनीच्या गेटावर गाठून सांगितलं, माझी पोर येत नाय, दुसरी बघ. सांगताना आवाज मोठा निघाला, गेटावरचे सगळे बघायला लागले.

येताना मनोरच्या नाक्यावर उतरले, तर नाशकाची गाडी लागली. माणसं उतरत होती. शेवटचं माणूस उतरेपर्यंत मी उभी होते. कुणाला घ्यायला आलात, असं कंडक्टरनं इचारलं. कुणाला नाय, म्हटलं, न् चालत घरी आले.

पत्र लिव. मोठं लिव.

तुझी आई,
चिमी