लांब पडलेली कांडी

६ ऑक्टोबर
कपड्यांच्या दोरीला बांधलेलं पांढरं ताट आज तळ्यात दोन हात खाली गेलं आणि दिसेनासं झालं. गेल्या वर्षी दसऱ्याला साडेतीन हातांपर्यंत दिसत होतं. सोपान भोई त्याची गुळाची जुनी काहील होडीसारखी वापरतो, तिच्यात बसून मोजलं. गुडघे अजून ठणकताहेत.
काठावरचं गवत नांगरून ऊस थेट पाण्याला टेकवलाय. यंदाच्या पावसात ती सगळी माती तळ्यात उतरली. वर खताचं पाणी आहेच.
सोपान म्हणाला, "बाई, चहावानी झालंय पानी. खाली काय चाललंय ते माशालाच ठावं." पावसाळ्यात सोडलेलं मत्स्यबीज आता वीतभर झालंय. त्याची वर्षाची कमाई त्यावर.

९ ऑक्टोबर
अण्णांकडे गेले. माझे चुलतदीर, तलाव समितीचे अध्यक्ष, आणि पाण्याला टेकलेला ऊसही त्यांचाच. मागणी एकच: काठापासून वीस पावलं सोडा, गवत येऊ द्या, माती अडेल. वही पुढे केली, दोन वर्षांची मोजमापं.
अण्णा वही न उघडता म्हणाले, "वैनी, राग मानू नगा. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. मंग गढूळ पानी हाय का तुमचा डोळा?"
ओसरीवरचे सगळे हसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस सांगायच्या, उत्तर नसेल तेव्हा पाठ ताठ ठेवावी. ठेवली. चहा घेतला नाही.

१० ऑक्टोबर
त्या माणसाचं बरोबर आहे. मोतीबिंदूही दोन वर्षांचा आणि वहीही दोन वर्षांची. यात पाण्याचं किती आणि माझं किती, मलाच सांगता येत नाही. वही रद्द.
सोपानला म्हटलं, तू मोज. म्हणाला, "मी सांगितलं तर म्हनतील बाईनं पढवलंय."
सांगलीहून मुलीचा फोन. ऑपरेशन करून घे. म्हटलं, आधी तळ्याचं.

११ ऑक्टोबर
एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि हे सुचायला दोन दिवस लागले. उजेड मोजायला माझा डोळा कशाला? तळाशी जे उगवतं ते जन्मभर तेच मोजत असतं, आणि नोंद स्वतःच्या अंगावर ठेवतं.

१३ ऑक्टोबर
सोपानने तळाशी उगवणाऱ्या हायड्रिलाचा एक वेल मुळासकट उपटून दिला. गाव याला शेवाळ म्हणतं. शेवाळ नव्हे. फूल येतं त्याला. पण कोणाला सांगू.
बादलीत सोडून पाहिला. तळाकडचा भाग जवळजवळ उघडा. खालची पानं टाकून दिली आणि होती नव्हती ती शक्ती उंच होण्यात घातली. खोडाभोवतीच्या पानांच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर माझ्या अख्ख्या बोटाएवढं. वर पोचल्यावर मात्र पृष्ठभागावर आडवा पसरलाय, उजेड मिळेल तेवढा घ्यायला. पान पेशींच्या दोनच थरांचं. एवढं पातळ, की आलेला उजेड वाया जायला जागाच नाही. सकाळी झुंजूमुंजू असतानाच काम सुरू करतं. इतर झाडं उपाशी मरतील एवढ्या उजेडात हे भागवतं. माजलेलं नाही. धापा टाकत वर आलंय.

१५ ऑक्टोबर
ट्रंक उपसली. नोकरीत असताना विद्यार्थ्यांना घेऊन याच तळ्यावर आले होते, तेव्हा दाबून वाळवलेला नमुना सापडला. तीच जात, तेच तळं, तेवढीच खोली. दोन फेऱ्यांमधलं अंतर नखाएवढं. तळापासून वरपर्यंत पानंच पानं.
आजचा वेल शेजारच्या कागदावर चिकटवला. आंधळ्यालाही हाताने कळेल. आता म्हणावं माझा डोळा.

१७ ऑक्टोबर
समितीची बैठक. दोन्ही कागद मांडले. म्हटलं, हा तेव्हाचा, हा आत्ताचा. बघा किती लांब झालाय. मग थांबले. वर्गात थांबायची तशी. मुलांनी उत्तर द्यावं म्हणून.
अण्णांनी नव्या वेलावर, दोन फेऱ्यांच्या मधे, अंगठा फिरवला. शेजारच्याला म्हणाले, "कांडी बघ रं किती लांब पडलीय."
"लय जोमात हाय."
"आपल्या उसाला पडंना असली."
मी सांगू लागले की उजेड नसला म्हणजे झाड लांबतं, ही उपासमार आहे. अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले, "वैनी, जल्मभर कांडी मोजत आलोय आमी. आखूड कांडी म्हंजे पीक मार खाल्लेलं. लांब कांडी म्हंजे पीक झालं. हे तन माजलंय, तुमीच दावलं. तेच खातंय पानी. काढून टाकू."
सगळ्यांनी माना हलवल्या. वीस पावलांचा विषय निघालाच नाही. वरून माझे आभार मानले.

१८ ऑक्टोबर
अण्णांकडे पुन्हा गेले. ओरडले. वेल काढलात तर खालचा गाळ मोकळा होईल, त्यात धरून ठेवलेलं खत पाण्यात येईल, मासे लपणार कुठे, श्वास कशाने घेणार. अण्णांची बायको आतून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आवं ताई, घाणच काढत्यात नव्हं?"
ओसरीवरची दोन माणसं तळ्याबद्दल अंगण झाडायचं असल्यासारखं बोलत होती. वाईट हेतू कोणाचा नाही. त्याचाच संताप जास्त.

२१ ऑक्टोबर
दोन काठांना दोन ट्रॅक्टर. मध्ये तारेचा दोर, त्याला कुळवाची जुनी पाती. दिवसभर तळं नांगरलं. काठावर वेलाचे ढीग, वास माशांचा. नारळ फोडला. फोटो काढले. मला पहिल्या रांगेत बोलावत होते.
सोपान काहील पालथी घालून तिच्यावर बसला होता.

२९ ऑक्टोबर
पाणी आधी राखाडी, परवापासून हिरवं. पोपटी, दाट. हे मात्र खरंच शेवाळ. गावाला वाटतंय तळं हिरवंगार झालं.
ताट खाली सोडलं. वीतभरातच दिसेनासं. यात मोतीबिंदूचा काही संबंध नाही.

३ नोव्हेंबर
सकाळी सोपानची बायको बोलवायला आली. काठाकाठाने मासे तोंड वर करून, हवा पीत; रात्रभरात शेवाळाने पाण्यातला प्राणवायू संपवलाय. उन्हं वर येईपर्यंत निम्मे उलटे. दुपारी सगळेच. वीतभराचे. अण्णा नाकाला रुमाल लावून आले, म्हणाले, "कुनीतरी औषध टाकलं आसंल." तक्रार करायचं ठरलं. कोणाविरुद्ध, ते नंतर ठरवणार.
मी म्हटलं, अण्णा, ते कुणीतरी म्हणजे आपण. त्यांनी ऐकलं. ऐकलं हे चेहऱ्यावर दिसलं. गाडीत बसून गेले.

५ नोव्हेंबर
सोपानकडे गेले. जाळी दुरुस्त करत होता, कशासाठी कोण जाणे. मी उठताना म्हणाला, "बाई, तुमी ते कागद दावलं नसतं तर."
एवढंच.
समोर कोण बसलंय ते पाहिलं नाही मी. जन्मभर उसाची कांडी मोजणाऱ्यांपुढे लांब कांडी ठेवली आणि उत्तराची वाट पाहिली. पहिल्या वर्षाची शिक्षिकाही ही चूक करणार नाही. दोष अण्णांवर ढकलून पाहिला. सगळा जात नाही.

९ नोव्हेंबर
काठाशी बसून चिखल चाळला, पिठाच्या चाळणीने. हायड्रिलाच्या गाळातल्या खोडाच्या टोकाला धरलेले कंद, पावट्याच्या दाण्याएवढे, पांढरट. एका चाळणीत सात. वर सगळं मेलं तरी हे गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात. उजेडाची वाट बघत म्हणणार नाही. वाट बिट कोणी बघत नाही. फक्त अजून मेलेले नाहीत.
लोणच्याच्या बरणीत पाणी घालून उत्तरेच्या खिडकीत ठेवले.

१४ नोव्हेंबर
एका कंदाला कोंब. दोन फेऱ्या, एकमेकींना लागून.
संध्याकाळी अण्णा आले. दारातच उभे राहिले. "वैनी, तळ्याचा गाळ काढायचा ठरलाय. सोमवारपास्नं जेसीबी. गाळ समद्यांच्या शेतात टाकू. तळं खोल हुईल, तुमचं बी समाधान." समेटासाठी आले होते, हे कळलं. कंदांचं सांगितलं. सगळा गाळ नका काढू, मधला पट्टा ठेवा. म्हणाले, "बघू." आणि काठाची वीस पावलं? चप्पल घालत म्हणाले, "ऊस तुटल्यावर बोलू."
कंद उसात जाणार. उन्हात दोन दिवसांत खडे होतील.

१५ नोव्हेंबर
सोपानला निरोप पाठवला. उद्या सकाळी काहील काढ, मधला गाळ चार बादल्या वर काढू, माझ्या हौदात ठेवू. तळं निवळलं तर परत लावता येईल. मासेही सोडता येतील. निवळलं तर.
उत्तर नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
साडेसात. चारही बादल्या घासून काठावर आणून ठेवल्या आहेत. चाळणीही. पलीकडच्या काठावर जेसीबी कालच येऊन उभा राहिलाय.
काहील पालथीच आहे. सोपानच्या घरातून धूर निघतोय, म्हणजे उठलेत. कोणीतरी त्याच्या दाराशी आलंय. एवढ्या लांबून मला ओळखू येत नाही.