करारातला रस्ता

३ नोव्हेंबर. माहेरी, सिद्धगडाखाली.
शांतिसेनेतून परतून दोन महिने. आज तिथल्या मोहिमेच्या साहेबांचा मेल. परदेशात मोठी बैठक आहे. युद्धात बायकांवर होणारे अत्याचार कसे रोखायचे हा विषय. आमच्या निर्वासित छावणीचा करार तिथे ‘यशस्वी नमुना’ म्हणून मांडणार. छावणीवरची पोलीस अधिकारी म्हणून मी एक पान द्यायचं, शुक्रवारपर्यंत.
यशस्वी!

४ नोव्हें.
लिहायला बसले. करार खोटा नव्हता. राजदूत आले, बंडखोरांच्या कमांडरने सही केली: सरपणाला जाणाऱ्या बायकांना छावणी ते नदी या रस्त्यावर कुणी हात लावणार नाही. टाळ्या. फोटोत मी डावीकडून दुसरी.
‘त्यानंतर रस्त्यावर एकही घटना नाही.’ लिहिलं. खरंच आहे. म्हणूनच लाज.

५ नोव्हें.
वाडीवरची भागी मोळी घेऊन आली. सहज विचारलं, सडकेनं आलीस?
ती नि आई हसत सुटल्या. आई म्हणते, “सडकेवर कवा लाकडं पडतात का गो? सायबीण झाली नि इसरली.”
विसरले नव्हते. दहावीपर्यंत मीही पायवाटेनंच मोळ्या आणल्या. कराराच्या बैठकीत छावणीचा नकाशा समोर होता. बायका खरं सरपणाला जायच्या त्या रानातल्या पायवाटेवर नुसतं बोट ठेवायचं होतं. साहेब कानाशी म्हणाले, आता नवा मुद्दा नको, सही जाईल. गप्प बसले.
मग कर्ण्यावरून ‘आता भीती नाही’ सांगणारी मीच. आधी दहाजणी मिळून जायच्या. न. (पूर्ण नाव इथंही नको) एकटी गेली. पायवाटेवर सापडली. जिवंत. दुभाष्याने तिचं एकच वाक्य सांगितलं: तुम्ही म्हणालात म्हणून गेले.

६ नोव्हें.
साहेबांना फोन. “हे लिहिलंत तर तुमच्यावरच येईल. आणि आहे तो करारही जाईल.”
चूक बोलत नाहीत. रस्त्यावर काहीजणी वाचल्या असतीलच. शिवाय न.ला न विचारता तिचं लिहायचा मला काय हक्क? का हीही पळवाट?

७ नोव्हें. शुक्रवार.
दुसरं पान लिहिलं. त्यात न. नाही, फक्त मी: पायवाट माहीत होती, बोलले नाही. मेलला जोडलं. पाठवलं नाही.
आई कोयता घेऊन दारात. “येतेस काय मोळीला? थांब, भागीला हाक मारते. एकटी-दुकटी नाय जायाचं.”
“आपल्याकडं कुठलं युद्ध आहे, आई?”
ती अंगणात उतरली. भागीला हाका मारत राहिली.
मेल अजून तसाच उघडा.